केणी सर आणि उरलेल्या दोघी

केणी सरांनी तीन वर्षांत मला एकदाही नावाने हाक मारली नाही. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मी ओळखपत्राच्या रांगेत उभी होते. वाऱ्याने एका मुलीचा कागद उडून नोटीस बोर्डाच्या वरच्या कडेला अडकला होता, तो मी टाचा न उचलता काढून दिला. तेवढ्यात मागून आवाज आला, "ए, लांब हातवाली."

वळून पाहिलं तर एक बुटके, रुंद गृहस्थ. वर इस्त्रीचा शर्ट, खाली ट्रॅक पँट, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली शिट्टी. माझ्याकडे न बघता ते माझ्या हाताकडे बघत होते, बाजारात भेंडी मोडून बघावी तसे.

"बास्केटबॉल खेलतेस?"

"नाही सर. कधीच नाही."

"कोनच खेलत न्हाय. राहतेस कुठं?"

मी नाव सांगायला लागले तर म्हणाले, "नाव ऱ्हाऊंदे. गाव सांग."

"नारपोली."

"झाला. तू नारपोली. उद्या सकाली ये."

सरांच्या हिशेबात मुलींना नावं नव्हती, गावं होती. सुनंदा ही दिघाशी, शबाना ही शांतीनगर, आणखी दोघी काल्हेर आणि पडघा. सरांचं म्हणणं असं की नावं काय, दहा पोरींची एकच असतात, गाव कसं जिचं तिला चिकटून असतं. स्वतः ते अंजूरचे. तिथे त्यांची भातशेती होती. आजूबाजूच्या शेतांत एकेक करून गोडाऊनं उभी राहत होती, त्यांच्या धाकट्या भावाचंही एक उभं राहिलं होतं. सर मात्र सकाळी शेतावर चक्कर मारून चिखलाच्या पायांनीच कॉलेजात येत आणि नळाखाली पाय धुऊन बूट चढवत. प्राचार्यांनी बोलावलं की ट्रॅक पँटवरूनच फुल पँट ओढून घेत. मे महिन्यातसुद्धा. प्राचार्यांच्या खोलीतून ते घामाघूम होऊन बाहेर आले की नवीन मुलांना वाटे, आत काहीतरी भयंकर बोलणं झालं असणार.

सर मूळचे कबड्डीवाले. तरुणपणी त्यांच्या गावच्या संघातले सगळे गडी बाद झाले, एकटे सर उरले आणि त्यांनी एकट्याने सामना फिरवला, अशी एक गोष्ट अंजूरला सांगतात. गोष्ट सांगणाऱ्याप्रमाणे समोरच्या संघाचं गाव बदलतं, पण सर एकटे उरतात एवढं कायम असतं. कॉलेजने त्यांना खेळाचे शिक्षक म्हणून घेतलं ते मुलांच्या कबड्डीसाठी. ते मैदान फाटकाबाहेर, रस्त्याला लागून. तिथे सामना असला की रिक्षा थांबत, पानवाल्याचं गिऱ्हाईक वाढे, आणि म्हणून कुठल्याही आईबापाने आपली मुलगी त्या मैदानावर पाठवली नसती. कॉलेजच्या आत, मागच्या भिंतीलगत, सिमेंटचा एक स्लॅब होता आणि त्यावर दोन खांब. मुलींना आत खेळता येईल असा एकच खेळ त्या जागेत मावत होता. म्हणून सरांनी बास्केटबॉल सुरू केला. त्या खेळाबद्दल त्यांना प्रेम होतं असं नाही, माहिती तर फारशी नव्हतीच.

त्यामुळे आम्ही जे शिकलो ते बास्केटबॉल होतं की काय, हा प्रश्नच आहे. रिंगला सर टोपली म्हणत. बॉल घेऊन पुढे जाणं म्हणजे चढाई. समोरच्या मुलीला अडवणं म्हणजे पकड. बाद झालेली खेळाडू म्हणजे मेलेली. "मरायला लाजू नको," ते सांगत, "पन मेल्यावर बसून बघ. मेलेला गडी बसून शिकतो." बॉल आपटताना तोंड बंद हवं असा त्यांचा कडक नियम होता. दम जातो म्हणे. कॉलेजच्या पलीकडे यंत्रमागांची शेड होती, तिचा खडखडाट दिवसभर चालू असे, आणि त्यावरून ओरडून ओरडून सरांचा आवाज असा तयार झाला होता की भारनियमनात लाईट गेली, माग एकदम थांबले, की "दिघाशी, पाय बघ, पाय!" हे वाक्य थेट तिसऱ्या मजल्यावरच्या अर्थशास्त्राच्या वर्गात शिरे. अर्थशास्त्राचे सर खडू ठेवून वाट बघत. लाईट आली की पुढे शिकवत.

मुली जमवायला सर घरोघर जात. आमच्याकडे आले तेव्हा हातात शेतातल्या वांग्यांची पिशवी होती. माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर, त्यांची खेळाला हरकत नव्हती. हरकत होती आईची. मुलीने शिकावं, नोकरी करावी, हे तिचं ठरलेलं होतं. बॉलने काय होणार, हा तिचा साधा प्रश्न. दुसरा कुणी असता तर आरोग्य, व्यक्तिमत्त्व वगैरे बोलला असता. सर म्हणाले, "काय सुद्धा व्हनार न्हाय, ताई. पोरगी हसत घरी येल, तेवढाच." आईने वांगी ठेवून घेतली. पोरीने हसत घरी येणं हे काही अगदीच वाईट कारण नाही, असं ती नंतर वडिलांना म्हणाली.

शबानाच्या घरी मात्र वांग्यांवर भागलं नाही. तिच्या अब्बांचे चार माग होते. ते म्हणाले, "सर, लड़की खेलेगी तो पूरा मोहल्ला देखेगा."

"मोहल्ला कायको देखेगा? दीवार है," सर म्हणाले. "चलो, मैं दिखाता."

सर त्यांना स्कूटरवर बसवून घेऊन आले. भिंतीबाहेर स्वतः उभे राहिले, टाचा उंचावल्या, मान वर केली आणि म्हणाले, "देखो, कुछ दिखता है? मेरेको कुछ नहीं दिखता." अब्बा सरांहून चांगले दोन वीत उंच. ते नुसते शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "मुझे तो सब दिख रहा है, सर. वो लाल दुपट्टेवाली बॉल गिरा रही है."

 त्या रविवारी धाकट्या भावाच्या बांधकामावरून विटा आल्या, गवंडी आला, आणि भिंत अब्बांच्या डोक्याच्याही वर गेली. सरांनी अब्बांना पुन्हा आणून भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि मगच गवंड्याला चहा सांगितला. सोमवारपासून शबाना डोक्याला घट्ट रुमाल बांधून, सलवारीत, आमच्यात खेळायला आली. तिचा नेम सगळ्यांत चांगला निघाला.

माझ्या दुसऱ्या वर्षाला एक घोळ झाला. विद्यापीठाच्या स्पर्धेला निघालो आणि खाडीच्या पुलावर ट्रकच्या रांगेत अडकलो. पोहोचेपर्यंत समोरच्या संघाला पुढे चाल देऊन झाली होती. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. सर फुल पँट चढवून गेले आणि बाहेर आले ते खरोखरच घामाघूम होऊन. आम्हाला स्लॅबवर बसवून त्यांनी सरळ सांगितलं, "पुढच्या वर्षी परत असा झाला तर संघ बंद. या जागेत स्टाफच्या गाड्यांची शेड बांधनार. हरा, कितीन पन हरा, मना चालेल. पन सामना पुरा झाला पायजेल. न जाना न्हाय, आनि मधेच सोडून येना न्हाय."

दिघाशी म्हणाली, "सर, बंद व्हईल तवर आमी बाहेर पडलेलो असू."

"तुमी असाल," सर म्हणाले. "पोरी यायच्या थांबनार हायत का?"

तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस आमच्यासाठी जेवढा धडपडतोय, तेवढाच आम्ही तोंडही न पाहिलेल्या मुलींसाठी धडपडतोय. मला ते फार आवडलं होतं, आजही आवडतं.

पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत आमची गाठ पडली ती विद्यापीठात पहिल्या नंबरच्या कॉलेजशी. त्यांच्यात दोघी राज्याच्या संघातल्या. आमच्या आठ जणी. सामन्याच्या आदल्या दिवशी एकीला बघायला पाहुणे येणार असल्याचं कळलं, आणि सामन्याच्या दिवशी निघायच्या वेळी दोघी डोळे आल्यामुळे काळे चष्मे घालून निरोप द्यायला आल्या. त्यांना वाटलं होतं, चष्मा लावून खेळता येईल. सरांनी दुरूनच हात जोडले. राहिलो पाच. पाचांशिवाय सामना सुरूच होत नाही, म्हणजे नेमक्या लागतात तेवढ्या.

मी घाबरले. सरांनी बोटांवर पाच मोजलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बरा झाला, बाकावर बसायला कोन न्हाय. सगल्या खेलतील."

पुलाचा अनुभव गाठीशी होता म्हणून पहाटेच निघालो, भावाच्या गोडाऊनच्या टेम्पोतून. मागे कापडाचे तागे, त्यांवर आम्ही. त्या कॉलेजच्या फाटकावर पहारेकऱ्याने टेम्पो पाहिला आणि सांगितलं, "डिलिव्हरी पीछे के गेट से." सर वाद घालतील असं वाटलं, पण ते "हाव, चालेल" म्हणून मागच्या गेटाने घुसले. आत पोहोचणं महत्त्वाचं. सामन्याला इतका वेळ होता की आम्ही ताग्यांवर झोपून घेतलं.

ते मैदान छताखालचं, लाकडी. पाय ठेवायलाच संकोच वाटत होता. समोर त्यांचा बाक मुलींनी गच्च भरलेला, सगळ्यांचे बूट एकाच रंगाचे, पाण्याच्या बाटल्या धरायला वेगळी मुलगी. आमच्या बाकावर सर आणि भाकऱ्यांचा डबा.

सुरुवातीलाच लक्षात आलं की आपण कशाशी खेळतोय. त्या बॉल घेऊन जात आणि आम्हाला तो परत दिसे तो टोपलीतून खाली पडताना. पण आम्ही पळत राहिलो. दुसऱ्या भागात त्यांची एक उंच मुलगी पडघाच्या बाजूने निसटली. पडघाला ती हातातून सुटताना दिसली, आणि तीन वर्षांची शिकवण तिच्या अंगातून उसळून आली. तिने सूर मारला आणि त्या मुलीचा घोटा दोन्ही हातांनी धरला.

आणि सर बाकावरून उठून ओरडले, "शाब्बास पडघा! सोडू नको!"

 पंच धावत आले. सरांनी आपल्याच तोंडावर हात ठेवला. त्या उंच मुलीला लागलं नव्हतं, ती बिचारी बसल्या जागी स्वतःच्या घोट्याकडे बघत होती. पडघाला फक्त बादच नाही, सभागृहाबाहेर काढलं. ती बाहेरून खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. तिचा चेहरा शेवटपर्यंत तिथे होता.

चार उरलो. मध्यंतरात मी सरांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पडलेला असेल असं वाटलं होतं, तसं नव्हतं. उलट डोळ्यांत जरा चमक आली होती. तिसऱ्या भागात माझे पाच फाउल भरले. पकडीची सवय सुटत नाही ती नाहीच. मी खाली मान घालून बाकावर आले तर सर म्हणाले, "बस नारपोली. आता बघ, मजा येल." चौथा भाग सुरू होतो न होतो तो काल्हेरचा पाय मुरगळला. तिला सरांनी आणि मी धरून आणली. पाय सुजायलाच लागला होता.

मैदानावर दोघी उरल्या, दिघाशी आणि शांतीनगर, म्हणजे शबाना. समोर पाच.

पंचांनी खेळ थांबवला. त्यांच्या प्रशिक्षक मॅडम आमच्या बाकाशी आल्या. बाई सज्जन होत्या, मनापासून बोलल्या. "सर, पुरे करू या. मुलींना उगीच लागेल. तुम्ही शर्थ केलीत, सगळ्यांनी पाहिलं."

"थांबवला तर काय लिहिनार?" सरांनी पंचांना विचारलं.

"तुमच्या संघाने सामना सोडला, असं."

"आनि खेलायला कमीत कमी किती लागतात?"

"दोन," पंच म्हणाले. "एक राहिली की संपलं."

"मंग दोन हायत की," सर म्हणाले. मग त्यांनी दोघींना जवळ बोलावलं. दिघाशी गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. सरांनी तिला हळूच विचारलं, "खरा सांग. जमत नसेल तर मी आत्ता थांबवतो. शेड बांधली तर बांधू दे, तुझा पाय मोडायला नको."

हे ते मनापासून बोलत होते. संघ टिकावा म्हणून वर्षभर जीव टाकणारा माणूस त्या क्षणी तो सोडायला तयार होता, आणि शेजारी बसून मला ते ऐकताना गलबलून आलं.

"मना न्हाय जायाचा," दिघाशी म्हणाली.

शबानाने रुमालाची गाठ घट्ट केली. "सर, दम है अभी."

"मंग ऐका," सर म्हणाले. "आतापरेन जा काय शिकवला, ता सगला इसरा. पकड न्हाय करायची. कोनाला बोट न्हाय लावायचा. दिघाशीचे चार फाउल झालेत. एक झाला की ती मेली, ती मेली की सामना मेला. तवा हात पाठीमागं."

आणि खरोखरच आमच्या दोघी पाठीमागे हात बांधून बचाव करू लागल्या. शाळेत शिक्षा झालेल्या मुली उभ्या राहतात तशा, फक्त या धावत होत्या. समोरच्या हव्या तशा बॉल टोपलीत टाकत होत्या, आणि टाकल्यावर दर वेळी बॉल आमचा होई. एकीने बाहेरून द्यायचा, दुसरीने घ्यायचा, पाच जणींतून न्यायचा. पहिल्या काही वेळा बॉल लगेच हिसकावला गेला. मग दिघाशीला खेळ कळला. कबड्डीत शेवटचा गडी जशी हुलकावणी देतो तशी ती देऊ लागली, खांदा एकीकडे आणि पाय दुसरीकडे. सर बाकाच्या टोकावर बसून तिच्याबरोबर डावी-उजवीकडे झुकत होते. त्यांच्या झुकण्याने मी दोनदा बाकावरून सरकले.

पाहणारी मुलं आता दिघाशीला टाळ्या द्यायला लागली होती. अशाच एका टाळीत तिने तिघींना चकवलं आणि बॉल लांब फेकला. शबानाने तो घेतला, एका जागी थांबली आणि उडवला. टोपलीत.

सर ताडकन उठले. माझ्या पाठीत एक जोरदार थाप बसली. "ऊठ नारपोली! जिवंत झालीस!"

कबड्डीत गुण मिळाला की आपला बाद झालेला गडी परत येतो. तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ तीच भाषा ऐकलेली. मी उठले. नुसती उठले नाही, धावत मैदानात जाऊन जागेवर उभीही राहिले. माझ्या मनात क्षणभरही शंका आली नाही. दिघाशीनेही "आली, नारपोली आली" असं म्हणून मला हाताने पुढे सरकवलं.

पंच माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "कुठे निघालात?"

"जिवंत झाले, सर," मी म्हणाले.

मग जे हसू फुटलं ते अख्ख्या सभागृहात. गुण लिहिणारे हसले, समोरच्या पाच जणी हसल्या, खिडकीत पडघा हसली, पंचांनी शिट्टी तोंडातून काढून हसून घेतलं आणि पुन्हा तोंडात घालून आमच्या बाकाला दंड केला. समोरच्या संघातल्या एकीने हसत हसतच दंडाचा तो बॉल नेमका टोपलीत टाकला. मी परत येऊन बसले तर सर शरमून बुटाची नाडी बांधत होते. बुटाला नाडी नव्हती, वेलक्रो होतं.

शेवटची काही मिनिटं मात्र हसण्यासारखी नव्हती. दिघाशीचे पाय जड झाले होते. त्यांची ती उंच मुलगी बॉल घेऊन जोरात आली, दिघाशी पाठीमागे हात बांधून समोर उभी राहिली, आणि दोघी आदळल्या. दिघाशी आडवी पडली. शिट्टी वाजली.

सरांनी माझं मनगट धरलं. सामना संपत आला असताना सगळं गेलं, असंच मला वाटलं. पंचांनी एकदा पडलेल्या दिघाशीकडे पाहिलं, तिचे हात अजून पाठीखालीच होते, आणि मग बोट दाखवलं ते त्या उंच मुलीकडे. फाउल तिचा. सरांनी माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर त्यांची चारही बोटं उमटलेली होती.

सामना पुरा झाला. किती फरकाने हरलो ते विचारू नका, फलकावरचा त्यांचा आकडा आणि आमचा आकडा एकाच खेळातले वाटत नव्हते. सर मात्र मैदानात उतरून प्रत्येकाशी हात मिळवत फिरले. त्या मॅडमशी, पंचांशी, गुण लिहिणाऱ्यांशी, फरशी पुसणाऱ्याशीही. मग डबा उघडला. बाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी दिली होती, आठ जणींच्या हिशेबाने. पाचच आलो होतो, म्हणून सरांनी समोरच्या संघालाही बसवलं. राज्याच्या संघातल्या एकीने चटणीचा घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पूर्ण सामन्यात तिला एवढा दम लागला नव्हता," दिघाशी म्हणाली.

आम्हाला वाटलं, झालं, संघ वाचला. पण कॉलेजांची कामं अशी होत नाहीत. प्राचार्य म्हणाले, सामना पुरा केलात हे चांगलं, पण आता निर्णय संस्थेच्या बैठकीत होईल आणि बैठक होईल परीक्षा संपल्यावर. आम्ही परीक्षा दिल्या. स्लॅबवर कुणी फिरकेनासं झालं. मधेच एकदा दोन माणसं टेप घेऊन मापं काढताना दिसली. सर दिसले की मी विचारे, ते नुसते हात हलवत. त्यांनी या विषयावर बोलणंच सोडलं होतं. मला ते बघवत नसे.

मे संपता संपता मी दाखला घ्यायला कॉलेजात गेले. कॉलेज रिकामं होतं. फाटकाजवळ, सायकली लावायच्या जागेत, लोखंडी खांब रोवून वर पत्रे चढवणं चाललं होतं. मी शिपायाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, स्टाफच्या गाड्यांची शेड. मी दाखला तसाच पिशवीत कोंबला आणि मागच्या बाजूला धावत गेले.

स्लॅब धुतलेला होता. रेषा नव्याने आखल्या होत्या, पांढऱ्या. आणि पलीकडच्या टोपलीखालचा सगळा चौकोन लालभडक ऑइलपेंटने रंगवलेला, ओला, उन्हात चमकणारा. त्याच्या पार मागे, खांब आणि भिंत यांच्यामधल्या हातभर जागेत केणी सर बसले होते. पँट गुडघ्यांपर्यंत वर, हातात ब्रश. रंगवायला त्यांनी पुढून सुरुवात केली होती आणि मागे मागे सरकत गेले होते. आता पाठीला भिंत, तीच, अब्बांसाठी वाढवलेली, आणि समोर सगळा ओला रंग.

मी पाऊल पुढे टाकलं तर ओरडले, "थांब तितंच. ओला हाय."

"सर, तुम्ही बाहेर कसे येणार?"

"वालल की येन."

"कधी वाळणार?"

"सांजपरेन वालल. पाऊस यायच्या आधी करून टाकला पायजेल. जूनला नव्या पोरी येतील."

"मी फळी आणू का कुठून?"

"कशाला? रंगावर पडली तर डाग," ते म्हणाले. "तू जा. दाखला घेतलास ना? नीट ठेव तो."

 बोलण्यासारखं बरंच होतं आणि त्यातलं काही ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी लांबूनच नमस्कार केला. त्यांनी ब्रश उंच केला.

कोपऱ्यावरून एकदा वळून पाहिलं. रंगाला लागू नयेत म्हणून पाय पोटाशी घेऊन सर खांबाला टेकून बसले होते आणि त्या लाल चौकोनाकडे बघत होते, लावणी आटपून बांधावर टेकलेला माणूस आपल्या खाचराकडे बघतो तसे. बाहेर यायची त्यांना काही घाई दिसली नाही.